कोकम : पिवळा चीक आणि लाल साल

रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, झाडाला कोयता लागला की पिवळा चीक पाझरतो. खोडाची साल, पानं, फळं या सगळ्यांत बारीक स्रावनलिका असतात. त्यांच्या कडेच्या पेशी राळेसारखे पदार्थ तयार करून नलिकेत सोडतात. क्लुसिएसी कुळातल्या झाडांची ही ठळक खूण. मंगुस्तान याच कुळातलं, आणि आग्नेय आशियातल्या एका भाऊबंद झाडाच्या राळेपासून तर पूर्वापार चित्रकारांचा पिवळा रंग होतो.

कोकमाच्या सालीतलं गार्सिनॉल हे द्रव्यही पिवळंच. ते ऑक्सिडीकरणरोधक आहे, म्हणजे मुक्त कणांना (फ्री रॅडिकल्सना) आवर घालतं. मुक्त कणांत एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो, त्यामुळे ते शेजारच्या रेणूवर तुटून पडतात. गार्सिनॉलच्या रेणूतल्या एका कड्याला दोन हायड्रॉक्सिल गट लगत जोडलेले असतात. त्यांतला हायड्रोजन देऊन ते त्या कणांना शांत करतं. मात्र ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलात विरघळतं. म्हणजे आमटीत उकळून शेवटी ताटाच्या कडेला काढून ठेवलेल्या आमसुलात त्याचा बराचसा भाग तसाच राहून जात असणार.

पाण्यात उतरतो तो लाल रंग. तो अँथोसायनिनचा. ही रंगद्रव्यंही ऑक्सिडीकरणरोधक आहेत, पण ती पेशीतल्या पाणीदार पोकळ्यांमध्ये, म्हणजे रिक्तिकांमध्ये, साठतात. आंबट द्रावात ती लालभडक राहतात. आम्लता कमी झाली की रंग जांभळ्याकडे झुकतो. उष्णता आणि प्रकाश त्यांना मानवत नाही, म्हणून कोकमाचं आगळ, म्हणजे खारवलेला रस, उन्हात ठेवू नये. आमसुलं करताना सालींना मीठ घातलेल्या रातांब्याच्या रसाची पुटं देऊन पुन्हा पुन्हा वाळवतात. त्यात आम्ल आणि रंग सालीत मुरतात खरे, पण प्रत्येक उन्हात थोडा रंग जातोही. रंग टिकवायचा तर सावलीतल्या वाळवण यंत्रांकडे वळायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

बियांतला मेद अगदी वेगळा. स्टिअरिक आणि ओलेइक आम्लं त्यात भरपूर, त्यामुळे तो घरात घट्ट राहतो आणि अंगाच्या उष्णतेच्या आसपास वितळतो. टाचांच्या भेगांवर कोकमतेल का लावतात, ते यावरून कळतं.

कोकमाची आंबट चव मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाची. केरळात कुडमपुळी म्हणून वापरल्या जाणाऱ्या जवळच्या जातीतून 1965 मध्ये लुईस आणि नीलकंठन यांनी ते ओळखलं. यकृतात साखरेपासून मेद बनवणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) हे आम्ल अडवतं, आणि त्यावरून वजन उतरवणाऱ्या गोळ्यांचा मोठा बाजार उभा राहिला. 1998 मध्ये 135 जणांवर 12 आठवडे चाललेल्या चाचणीत मात्र कुडमपुळीचा अर्क घेणाऱ्यांचं वजन नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपेक्षा लक्षणीय असं जास्त उतरलं नाही. गार्सिनॉलवरचे बहुतेक प्रयोगही अजून काचपात्रातल्या पेशी आणि उंदीर यांच्यावरचेच आहेत.