इंजिन बंद, पीळ कायम

बामणोलीच्या बाजूला चिखलात रुतलेली पिकअप चारही चाकांना जोर देऊन बाहेर काढायची आणि त्यासाठीचा दांडा तसाच फोर-हायवर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या जागी, ठेवून यवतेश्वर घाटाने साताऱ्यात उतरायचे, ही चूक सहज होते. मग कोरड्या डांबरावर वळणावळणाला गाडी अडखळते, आचके देते, खालून ‘धाड्’ असा आवाज येतो आणि घाट संपल्यावर दांडा जागचा हलत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीचे नेमके हेच झाले. एका गॅरेजमध्ये त्यांना गिअरबॉक्स उतरवावा लागेल असे सांगण्यात आले, तर घरातून बंपरला नवे लिंबू-मिरची बांधण्याची सूचना झाली. लिंबातील सायट्रिक आम्ल गंज काढायला बरे असते. चाकांकडे ताकद नेणाऱ्या पोलादी दांडीला, म्हणजे शाफ्टला, पीळ बसला असेल तर त्याचा उपयोग नाही. आणि गाडीत तर काहीच मोडलेले नव्हते.

वळणावर डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळे अंतर कापावे लागते आणि त्यासाठी डिफरन्शियल असते, हे शाळेत वाचलेले असते. पुढची आणि मागची चाकेही वेगवेगळे अंतर कापतात, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ओल्या चाकांनी कोरड्या अंगणात गाडी वळवून पाहावी. मागच्या चाकांचे ठसे पुढच्या ठशांच्या आतल्या बाजूला पडलेले दिसतात. पुढच्या-मागच्या आसांत ३ मीटर अंतर असलेली गाडी अशी वळवली, की मागच्या आसाचा मध्य ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर राहील, तर पायथागोरसच्या प्रमेयाने पुढच्या आसाच्या मध्याची त्रिज्या सुमारे ६.७ मीटर येते. गाडी पूर्ण उलट्या दिशेला वळेपर्यंत पुढची चाके सुमारे २.२ मीटर जास्त चालतात. पिकअपच्या टायरचा घेरही साधारण तेवढाच असतो, म्हणजे पुढच्या चाकांना एक अख्खा फेरा जास्त हवा असतो. घाटातली वळणे यापेक्षा मोठ्या त्रिज्येची असल्याने तेथे हा फरक एका वळणाला अर्ध्या फेऱ्याच्या आसपास राहतो.

साध्या, म्हणजे गरजेपुरत्या फोर बाय फोर गाडीत ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी, त्या चाकांकडे जाणारा पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना जखडून टाकते. त्यांच्यामध्ये डिफरन्शियल नसते. चिखलात टायर थोडे घसरतात आणि हिशेब आपोआप जुळतो. कोरडे डांबर टायरला घसरू देत नाही, त्यामुळे तो अर्धा फेरा शाफ्टमध्ये पीळ होऊन साठू लागतो. पोलादी शाफ्टही एक प्रकारची स्प्रिंगच असते. ३० मिलिमीटर जाडीच्या आणि ८० सेंटिमीटर लांबीच्या भरीव पोलादी शाफ्टवर १,००० न्यूटन-मीटरचे आघूर्ण (पिळणारा जोर) लावले, तर त्याची दोन टोके एकमेकांच्या तुलनेत सुमारे ७ अंशांनी वळतात आणि त्यात साधारण ६३ ज्यूल ऊर्जा साठते. साडेसहा किलोचा घण १ मीटर उंचीवरून सोडल्यावर जेवढा दणका बसेल, तेवढी ही ऊर्जा आहे. एखाद्या टायरची पकड सुटली की ती क्षणात मोकळी होते, आणि तोच तो ‘धाड्’ आवाज.

डाव्या वळणानंतर उजवे वळण आले म्हणजे पीळ उलगडेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण दोन्ही वळणांत पुढचीच चाके जास्त पळत असल्याने पीळ वाढतच जातो. इंजिन बंद केले तरी तो राहतो, सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसा, आणि ट्रान्सफर केसमधले दाते एकमेकांवर इतके दाबले जातात की दांडा सुटत नाही. त्यावर उपाय म्हणजे वळणावर स्टिअरिंग तसेच ठेवून गाडी थोडी मागे घेणे, किंवा चाके कच्च्या मातीवर उतरवणे. शेजाऱ्यांचा दांडा असाच सुटला.

म्हणून पहिली परीक्षा अगदी साधी आहे: गाडी टू-व्हीलमध्ये, म्हणजे ताकद दोनच चाकांना राहील अशी, घेऊन तेच वळण पुन्हा घ्यावे. आचके आणि दणके गेले, तर तो पीळ होता. आवाज राहिला, तरच दोष शोधायचा. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढून ‘कट-कट’ ऐकू येत असेल, तर चाकाजवळच्या सीव्ही जॉइंटचे (वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणाऱ्या सांध्याचे) रबरी बूट फाटले आहे का ते पाहावे. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना ‘ठक्’ वाजत असेल, तर चाकांना दगड लावून, इंजिन बंद आणि गिअर न्यूट्रल ठेवून प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस झिजला असेल तर तिथला प्ले (ढिलेपणा) लगेच कळतो. ॲक्सिलरेटरबरोबर बदलणारी गुणगुण बहुधा क्राउन-पिनियनची (डिफरन्शियलमधल्या दातेरी चाकांची) असते, तर गाडी डावी-उजवी झुलवल्यावर बदलणारी गुणगुण हब बेअरिंगची.

शेजाऱ्यांच्या गाडीला मागचे टायर नवे होते आणि पुढचे झिजलेले. पुढच्या चाकाची त्रिज्या ३५० ऐवजी ३४४ मिलिमीटर असली, तरी सरळ रस्त्यावरदेखील पुढच्या चाकांना दर किलोमीटरला सुमारे ८ फेरे जास्त हवे असतात, म्हणजे घाटातल्या पंधरा-सोळा वळणांइतके. टायरवर खडूची खूण करून, गाडी सरळ ढकलत दहा फेऱ्यांचे अंतर पुढच्या आणि मागच्या चाकासाठी वेगवेगळे मोजले, तर हा फरक टेपवरच दिसतो.