तुटलेला तुकडा की जोडमूर्तीचा सुटा भाग?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पिवळ्या जास्पर या कठीण दगडातला राणीचा चेहरा आहे, इ.स.पू. 14व्या शतकातला, प्राचीन इजिप्तचा राजा अखेनातेन याच्या काळातला. उंची जेमतेम 13 सेंटिमीटर. वरच्या ओठाच्या वर दगड फुटलाय, पण उरलेले ओठ इतके सजीव आहेत की बघणारा तिथेच खिळतो. 'मोठ्या पुतळ्याचा तुकडा' म्हणून हा चेहरा सोडून देणं चूक ठरेल. अख्खी मूर्ती जास्परची नव्हती, असंच अभ्यासक मानतात.

त्या काळी जोडमूर्ती घडवत. चेहरा, हात, पाय अशी उघडी त्वचा एका दगडात, पांढरं वस्त्र दुसऱ्यात, केशटोप किंवा मुकुट तिसऱ्यात. हे भाग वेगवेगळे घडवून मग एकमेकांत बसवायचे. सुतार लाकडाला ठेवतो तसं दगडालाही कुसू, म्हणजे खाचेत बसणारं टोक, ठेवत. कैरोच्या संग्रहालयातलं क्वार्ट्झाइट या कठीण, दाणेदार दगडाचं अपुरं मस्तक पाहा. ते 1932 साली अमार्नात, म्हणजे अखेनातेनच्या राजधानीच्या जागी, सापडलं आणि त्याची राणी नेफरतिती हिचं मानलं जातं. टाळूवर मुकुटासाठी ठेवलेलं कुसू स्पष्ट दिसतं. ते तुटकं टोक नव्हे.

ओळखायचं कसं? आधी कडा पाहावी. टॉर्च बाजूने, अगदी तिरका धरा. सांध्याच्या जागी झिलई ठरलेल्या रेषेवर थांबते आणि तिच्यापलीकडे टोच्यांचे खड्डे मुद्दाम तसेच ठेवलेले असतात, कारण तो भाग झाकलाच जाणार होता. तुटलेल्या जागी मात्र भुवई किंवा गालाची गोलाई अर्ध्यातच कापली जाते. जास्पर फुटला की शिंपल्यासारखी वळणं उमटतात. क्वार्ट्झाइट आणि चुनखडकात ती शोधू नका, तिथे भंग खडबडीत, दाणेदार असतो.

फसगत बहुतेकदा गुळगुळीतपणामुळे होते. वाऱ्यावाळूने घासून भंगही गुळगुळीत होतो, आणि विक्रीसाठी करवतीने सपाट केलेली कड तर सांध्यासारखीच दिसते. जोडासाठीच्या भोकांचंही तसंच. तांब्याची नळी आणि वाळू वापरून पाडलेलं जुनं भोक आत किंचित निमुळतं होत जातं, भिंतीवर गोल चरे दिसतात. स्टँडच्या सळईसाठी आज पाडलेलं भोक सरळ असतं आणि आतला दगड ताज्या रंगाचा.

जास्परचा चेहरा मात्र दोन्ही आहे: जोडमूर्तीसाठी सुटा घडवलेला, आणि नंतर फुटलेलाही.