उन्हाळ्यात प्रिंटरची शाई सुकते म्हणजे नेमकं काय होतं?

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे काय नव्याने सांगायला नको. पण या उन्हाचा फटका घरातल्या प्रिंटरलाही बसतो, विशेषतः परीक्षा संपल्यावर वर कापड टाकून दोन महिने बाजूला ठेवलेल्या प्रिंटरला. जूनमध्ये अॅडमिशनचे फॉर्म काढायला घेतले की पानावर पांढऱ्या रेघा, निळा रंग तर साफ गायब, आणि पोरगं आतून ओरडतं, "नाना, शाई सुकी गयी!" टाकीत बघावं तर शाई अर्धी आहे की हो.

सुकलेली असते ती टाकीतली नाही, हेडच्या, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागाच्या, तोंडाशी असलेली. इंकजेटच्या, म्हणजे शाईचे थेंब फेकणाऱ्या प्रिंटरच्या, हेडला शेकडो छिद्रं असतात, प्रत्येक छिद्र आपल्या केसापेक्षाही बारीक. काही कंपन्यांच्या हेडमध्ये छिद्रामागे इवलासा हीटर असतो, तो सेकंदाच्या काही लाखाव्या भागात ३०० अंशांच्या आसपास तापतो, शाईचा बुडबुडा फुगतो आणि समोरचा थेंब कागदावर फेकला जातो. बाकीच्यांमध्ये उष्णता नसते, वीज दिली की किंचित वाकणारा पिझो नावाचा पदार्थ शाईला धक्का देतो. दोन्हीकडे शाई मात्र बहुतेक पाणीच, त्यात रंग आणि लवकर सुकू नये म्हणून ग्लायकॉलसारखं काहीतरी. आता आपल्याकडची कोरडी गरम हवा, त्यात कूलर दुसऱ्या खोलीत, मग त्या बारीक छिद्रातलं पाणी उडून जातं आणि रंग तिथेच घट्ट बसतो.

यावर कंपनीने उपाय केलेला असतो, काम झालं की हेड कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि छिद्रं झाकली जातात. पण याची खात्री कधी, तर प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबून तो बंद केला तर. आपण काय करतो, भिंतीवरचा स्विच खटकन बंद, किंवा प्रिंट चालू असताना लाइट जाते (ती जाणारच), हेड मध्येच उघडं राहतं आणि तसंच राहिलं तर रात्रभरात छिद्रं बुजायला लागतात. म्हणून लाइट आली की प्रिंटर एकदा चालू करून बटणानेच बंद करायचा, आणि आठवड्यातून एखादं रंगीत पान काढायचं, भले पोराचं चित्र का असेना. क्लीनिंगचं बटण सारखं सारखं दाबू नका, त्यात चांगली शाई ओढून आतल्या स्पंजमध्ये जाते, पैसे तुमचेच.

मग झेरॉक्सच्या दुकानातलं मशीन सहा महिने बंद राहिलं तरी का सुकत नाही? कारण त्यात शाईच नाही, टोनर म्हणजे प्लॅस्टिकची भुकटी आहे, कण साधारण ५ ते १० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हे डोकं चेस्टर कार्लसन नावाच्या अमेरिकन माणसाचं. २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या अॅस्टोरियात त्याने आणि त्याच्या मदतनिसाने गंधक लावलेली जस्ताची पट्टी रुमालाने घासली, स्थिर वीज तयार झाली, अक्षरं लिहिलेली काच वर ठेवून दिव्याचा उजेड पाडला, उजेड लागला तिथली वीज उडाली आणि उरलेल्या जागी भुकटी चिकटली. मेणकागदावर तीच अक्षरं उमटली. लेझर प्रिंटरमध्ये अजून हेच चालतं, फक्त काचेच्या जागी लेझरचा किरण ड्रमवर अक्षरं काढतो आणि शेवटी गरम रोलर २०० अंशांच्या जवळपास तापून भुकटी कागदावर वितळवून बसवतो. पीकविम्यासाठी काढलेला सातबारा हातात गरम येतो तो त्यामुळेच.

आणि तो रोलर तापताना कितीतरी शे वॅट एकदम ओढतो, दुकानातला दिवा क्षणभर मंद होतो तो तेव्हा. म्हणून घरच्या साध्या इन्व्हर्टरवर लेझर चालवायला जाऊ नका, तो ट्रिप होतो. इंकजेटला मात्र १५-२० वॅट पुरतात, लोडशेडिंगमध्येही तो काम करतो. म्हणजे महिन्यातून चार पानं लागणाऱ्याला लेझर बरा, रोज पोरांचे प्रोजेक्ट असतील तर इंकटँक (टाकीत शाई भरायचा इंकजेट), असं माझं मत, लाइटचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

टोनर सांडला तर गरम पाण्याने पुसू नका, प्लॅस्टिक आहे, मऊ होऊन फरशीला बसेल, थंड पाणी घ्या. पावसाळ्यात वेगळीच भानगड, कागद हवेतलं पाणी पितो, मग रोलरमधून जाताना वळतो, अडकतो, शिवाय ओलसर कागदावर वीज नीट टिकत नाही म्हणून अक्षरं फिकी येतात. रिम फोडली की उरलेले कागद त्याच वेष्टनात गुंडाळून ठेवायचे, ट्रेमध्ये लागतील तेवढेच.

एसटीचं मशीनमधून निघणारं तिकीट आणि किराण्याचं बिल यात तर शाई पण नाही आणि टोनर पण नाही, कागदावरच उष्णतेने काळं होणारं रसायन असतं. ते तिकीट मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून बघा, संध्याकाळपर्यंत काळं पडायला लागेल. वॉरंटीसाठी बिल लागणार असेल तर त्याची लगेच झेरॉक्स काढा.