टूर्निके (रक्तबंध पट्टा)

हाताला किंवा पायाला मोठी जखम होऊन धमनीतून रक्त उडायला लागलं तर जखमेच्या वरच्या बाजूला आवळून खालचा रक्तपुरवठा पूर्ण बंद करायचा पट्टा म्हणजे टूर्निके. आपल्याकडे टॉर्निकेट, टर्निकेट असेही उच्चार ऐकू येतात, वस्तू तीच. लॅबमध्ये रक्त काढताना दंडाला रबरी पट्टी बांधतात, तिलाही सिस्टर टूर्निकेच म्हणतात, पण तिचं काम जवळपास उलटं. ती फक्त शिरा दाबते, धमनी चालू ठेवते, त्यामुळे रक्त खाली जातं पण परत वर येत नाही आणि नस टरारून फुगते. हा फरक लक्षात ठेवावा, कारण या पट्ट्याबद्दलचे बरेचसे जुने वाद त्यातूनच आलेत.

उगमाबद्दल एकमत नाही. आपल्याकडे बरेच जण थेट सुश्रुतापर्यंत जातात. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात साप हातापायाला चावला तर दंशाच्या वर चार अंगुळांवर कापड, चामडं किंवा झाडाची अंतरसाल असल्या मऊ वस्तूने बांधावं असं खरंच सांगितलंय आणि त्या बंधाला ‘अरिष्टा’ असं नाव आहे. आता संहितेचा काळ कोणी इ.स.पू. ६०० धरतं, कोणी आज हाती असलेला पाठ इसवी सनाच्या सुरवातीच्या शतकांमधला मानतं आणि ग्रंथावर नंतर संस्करणं झाली हे बघता दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे. पण काळ कुठलाही धरा, अरिष्टा विष वर चढू नये म्हणून आहे, रक्त थांबवायला नाही. त्यामुळे तिला टूर्निकेची आजी म्हणणं जरा ओढूनताणून होतं, लांबची आत्या म्हणा हवं तर.

रोमन काळात, बहुधा इ.स. १०० च्या आसपास, आर्किजेनीस या वैद्याने अवयव कापण्याआधी वर पट्टा बांधायला सांगितलं असं मानतात. रोमन काळातलाच दुसरा नावाजलेला वैद्य गेलेन मात्र अशा पट्ट्याच्या विरोधात होता, त्याने रक्तस्राव उलट वाढतो असं त्याचं म्हणणं. पुष्कळ काळ याकडे गेलेनची चूक म्हणून बघितलं गेलं, पण पट्टा अर्धवट आवळला तर शिरा बंद, धमनी चालू, म्हणजे रक्त खरंच जास्त वाहतं. गेलेनने बहुतेक तसलेच पट्टे बघितले असावेत.

युरोपात १५१७ मध्ये हान्स फॉन गेर्सडॉर्फ या जर्मन शल्यविशारदाने अवयव कापताना पट्टी बांधायची पद्धत दिली, त्याच शतकात आंब्रोज पारे या फ्रेंच शल्यविशारदाने पट्टीचे तीन फायदे सांगितले (कातडी-स्नायू वर ओढून धरणं, रक्त अडवणं, आणि संवेदना बोथट करणं). खरा वाद पट्टीत काठी घालून पीळ देण्याची युक्ती कुणाची यावर आहे. विल्हेल्म फाब्री (१५६०–१६३४) या जर्मन शल्यविशारदाने पट्टीत काठी घातली असं काही जण म्हणतात, पण नाव सहसा मोरेल या फ्रेंच सैनिकी शल्यविशारदाचं घेतलं जातं, १६७४, बेझाँसाँ या शहराचा वेढा. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या जेम्स याँगनेही साधारण त्याच वर्षांत तशीच युक्ती आपण वापरल्याचा दावा १६७९ मध्ये छापला. दोघांनी एकमेकांचं उचललं असं मानायची फारशी गरज वाटत नाही. दोरीत काडी घालून पिळायचं तंत्र सुताराच्या चौकटीच्या करवतीतही असतं, कुठल्याही हुशार माणसाला ते सुचलं असतं. नाव आणि मळसूत्र मात्र झाँ लुई पती या फ्रेंच शल्यविशारदाचं, १७१८, पॅरिस. फिरवणे या अर्थाच्या ‘तूर्ने’ या फ्रेंच क्रियापदावरून टूर्निके. मळसूत्रामुळे ताण हळूहळू कमीजास्त करता यायला लागला आणि पट्टा धरून ठेवायला वेगळा माणूस लागेना.

पुढची वाट ऑपरेशन थिएटरकडे जाते. १८६४ मध्ये लिस्टर या ब्रिटिश शल्यविशारदाने हात आधी उंच धरून मग पट्टा लावून रक्तविरहित जागेत मनगटाचं ऑपरेशन केलं, १८७३ मध्ये एसमार्कने रबराची पट्टी आणली आणि १९०४ मध्ये हार्वे कुशिंगने हवा भरायचा टूर्निके. हाडाच्या डॉक्टरांकडे आजही हाच शेवटचा प्रकार, दाबाच्या घड्याळासकट.

रणांगणावर मात्र विसाव्या शतकात पट्ट्याची पत घसरली. तासन् तास बांधून राहिलेले पट्टे, मेलेले स्नायू, कापावे लागलेले पाय, यातून ‘अगदी शेवटचा उपाय’ ही शिकवण रुळली आणि साध्या प्रथमोपचाराच्या वर्गांतही तीच उतरली. ती उलटवली १९९६ मध्ये फ्रँक बटलर आणि सहकाऱ्यांच्या एका लेखाने, ज्यात अमेरिकन स्पेशल फोर्सेससाठी लढाईतल्या उपचारांची वेगळी पद्धत मांडली होती. म्हणणं सरळ होतं, गोळीबार चालू असताना हॉस्पिटलच्या क्रमाने काम करता येत नाही. २००५ मध्ये अमेरिकन लष्कराने कॅट (कॉम्बॅट ॲप्लिकेशन टूर्निके) हा पट्टा निवडला आणि तो सैनिकांना वाटला जायला लागला. २००६ मध्ये बगदादच्या हॉस्पिटलात अमेरिकन लष्करी डॉक्टर जॉन क्राग यांनी २३२ जखमींचे ४२८ पट्टे तपासले, एकाही माणसाचा हातपाय निव्वळ पट्ट्यामुळे गेला नाही, शॉक (रक्त कमी पडून रक्ताभिसरण कोलमडणं) यायच्या आधी पट्टा लागला त्यांच्यातले ९० टक्के वाचले आणि नंतर लागला त्यांच्यातले १० टक्के. २००१ ते २०११ च्या अमेरिकन सैनिकी मृत्यूंच्या मोठ्या अभ्यासात हातापायाच्या रक्तस्रावाने होणारे मृत्यू वर्षाला २३.३ वरून ३.५ वर आलेले दिसतात. त्याच अभ्यासात रक्तस्रावाने गेलेल्या पण वाचू शकले असते अशांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांचं रक्त छातीपोटात गेलं होतं, आणि तिथे हा पट्टा काहीच करू शकत नाही.

कॅटची रचना अशी: सुमारे ३.८ सेंमी रुंद पट्टा, वेल्क्रो, आतून सरकणारी दुसरी फीत, पिळायची दांडी आणि दांडी अडकवायची खाच. रुंदी महत्त्वाची, कारण पट्टा जितका अरुंद तितका धमनी बंद करायला जास्त दाब लागतो आणि कातडीखालच्या मज्जातंतूंना इजा होते, म्हणून बुटाची नाडी किंवा वायर चालत नाही. आधी पट्टा हातानेच जमेल तितका घट्ट ओढायचा, मग दांडी फिरवायची. ढिल्या पट्ट्यावर नुसती दांडी फिरवत बसलं की पीळ संपतो पण रक्त थांबत नाही. जखमेच्या वर ५ ते ७ सेंमी, सांध्यावर नाही. रक्त थांबलं का आणि खालची नाडी गेली का हे दोन्ही बघायचं, नाही तर वर दुसरा पट्टा. पेशंट ओरडतो, खूप दुखतं, म्हणून सैल करायचा नाही. लावल्याची वेळ लिहायची. २ तासांपर्यंत सहसा धोका कमी, ६ तास उलटले असतील तर हॉस्पिटलबाहेर सोडत नाहीत. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या नकली पट्ट्यांची दांडी वाकते किंवा मोडते. जांघेत आणि काखेत पट्टा बसत नाही, तिथे रक्त गोठवणारी गॉझ जखमेत ठासून भरून निदान ३ मिनिटं दाबून धरतात.

या पट्ट्याभोवतीच टॅक्टिकल मेडिक, म्हणजे गोळीबाराच्या जागीच उपचार करणारा माणूस, ही भूमिका घडली. गोळीबार चालू असताना तो जवळपास एकच उपचार करतो, कपड्यावरूनच, शक्य तितका वर, घट्ट पट्टा. आडोशाला आल्यावर मग ‘मार्च’ (इंग्रजी आद्याक्षरांवरून MARCH) हा क्रम: मोठा रक्तस्राव, श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, आणि थंडी किंवा डोक्याची जखम. नेहमीच्या ॲम्ब्युलन्सवाल्यांच्या श्वासमार्ग-आधी क्रमाशी हे जुळत नाही आणि दोन्हीकडची माणसं यावर अजून हुज्जत घालतात. नागरी बाजूला धोक्याच्या जागेचे गरम (थेट धोका), कोमट (धोका कमी), थंड (सुरक्षित) असे तीन भाग धरतात, पोलिसांच्या संरक्षणात कोमट भागात शिरणारं पॅरामेडिकचं पथक अमेरिकेत आर्लिंग्टनच्या फायर खात्याने आधी उभं केलं. २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉन स्फोटात लागलेले २७ च्या २७ पट्टे जुगाडू होते, त्यातले बरेच फक्त शिरा दाबणारे असावेत, म्हणजे परत गेलेनचीच तक्रार. २०१५ पासून अमेरिकेत सामान्य लोकांनाही हे शिकवलं जातं.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली, इथे गाडीत डॉक्टर असतो, त्यामुळे पॅरामेडिक हा शब्द तेवढा रुळला नाही. गावाकडे मात्र दोरी बांधणं अजून सापाशीच जोडलेलं आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चावणारा कुठलाही असो, घट्ट बांधायचं नाही असं आता सांगतात, घोणस-फुरशाच्या दंशात तर आवळलेल्या जागेचं मांस सडायची भीती जास्त. कोणी सुतळी करकचून बांधूनच आला तर ती दारात कापत नाहीत. एकदम सोडली तर अडलेलं विष एका दमात वर जाऊ शकतं, म्हणून आधी सलाइन आणि प्रतिविषाची तयारी करतात, श्वास द्यायची सोय हाताशी ठेवतात, खालची नाडी लागते का ते बघतात आणि मग सुतळी सोडतात.