डिझास्टर डॉक्युमेंटरी मुलांना दाखवायची का? नुसतं रक्त दिसतंय का ते बघून भागत नाही

त्सुनामी, विमान अपघात, चेर्नोबिल, बुडालेली जहाजं, असले व्हिडिओ मुलं हल्ली स्वतःच शोधून काढतात आणि मग घरातल्या मोठ्यांपुढे प्रश्न येतो की हे बघू द्यायचं की नाही. बहुतेक जण काय करतात, तर व्हिडिओ पुढे पुढे ढकलत बघतात, रक्त नाही, मृतदेह नाही, झालं, पास! पण मुलं कशाला घाबरतात ते वयाप्रमाणे इतकं बदलतं की या चाळणीतून नेमकी नको ती गोष्ट सुटते.

विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोआन कँटर यांनी मुलं टीव्हीवर कशाला घाबरतात यावर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांच्या कामाचं सार असं की साधारण सातेक वर्षांपर्यंतचं मूल जे डोळ्यांना दिसतं आणि कानावर पडतं त्याला घाबरतं, धोका खरा आहे का, किती लांब आहे, हे त्याच्या हिशोबातच नसतं. मोठ्या मुलांचं उलट, त्यांना दिसतं त्यापेक्षा जे होऊ शकतं त्याची भीती वाटते. १९८३ मध्ये अमेरिकेत अणुयुद्धावरचा एक टीव्ही सिनेमा लागला होता, लहान मुलांना दाखवू नका म्हणून बरीच चर्चाही झाली. कँटर आणि सहकाऱ्यांनी लगेच फोनवरून पालकांकडे चौकशी केली तर १२ वर्षांच्या आतली मुलं टीनएजर मुलांपेक्षा बरीच कमी अस्वस्थ झालेली आणि सगळ्यात जास्त अस्वस्थ कोण, तर पालक स्वतः.

चेर्नोबिलचंच घ्या ना. १९८६ मध्ये तिथल्या अणुभट्टीत झालेल्या स्फोटावरच्या बऱ्याचशा व्हिडिओंमध्ये रिकामी घरं, गंजलेला आकाशपाळणा आणि टिकटिक करणारं रेडिएशन मीटर एवढंच असतं. पाच वर्षांचं मूल कंटाळून उठून जाईल. पण चौदा वर्षांच्या मुलीला कळतं की न दिसणारी, वास नसलेली गोष्ट माणसाला मारू शकते, आणि ती रात्री एकनंतरही फोनवर रेडिएशनबद्दल वाचत बसू शकते. म्हणजे 'मोठी आहे ती, तिला काय होतंय' हे वाक्य जरा जपूनच म्हणायला हवं.

लहानांचा आणखी एक घोळ म्हणजे रिपीट होणारे शॉट. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमान इमारतीवर आदळतानाचं फुटेज दिवसभर लागत होतं आणि काही छोट्या मुलांना वाटलं की विमानं परत परत, वेगवेगळ्या इमारतींवर आदळतायत. त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे म्हणा, प्रत्येक वेळी नवीनच दिसतंय की! त्या हल्ल्यानंतर तीन ते पाच दिवसांत अमेरिकाभर झालेल्या फोन सर्व्हेत पालकांच्या सांगण्यानुसार ३५ टक्के मुलांमध्ये ताणाचं एक तरी लक्षण होतं आणि ज्यांनी जास्त टीव्ही बघितला त्यांच्यात ताणाची लक्षणंही जास्त दिसली. आता यावरून टीव्हीनेच ताण आला असं सिद्ध होत नाही, मुळात घाबरलेलं मूलच स्क्रीनला जास्त चिकटत असेल हेही शक्य आहे, पण दोन्ही खरं असेल तर ते चक्रच झालं ना. म्हणून व्हिडिओ तपासताना तोच कोसळणारा पूल किंवा तीच लाट कितीदा दाखवलीय ते मोजा. माहिती द्यायला एकदा पुरते, पुढची सगळी खिळवून ठेवायला असते.

आवाजाकडे तर कुणी लक्षच देत नाही, आणि माझ्या मते निम्मी भीती तिथेच असते. डॅनिएल ब्लुमस्टीन हे प्राण्यांच्या संकटातल्या ओरडण्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सिनेमांचे साउंडट्रॅक तपासले. जिवावर बेतलेला प्राणी ज्या फाटक्या, कर्कश आवाजात ओरडतो, तसलेच आवाज भीतीदायक सिनेमांत मुद्दाम पेरलेले सापडले. तेव्हा व्हिडिओतला एक प्रसंग आधी म्यूट करून बघा, मग आवाज लावून बघा. म्यूटवर साधा नकाशा आणि बाण दिसत असेल आणि आवाज लावल्यावर पोटात गोळा येत असेल तर तो गोळा भूगोलाचा नाही, म्युझिकचा आहे.

विमान अपघातांच्या व्हिडिओत कॉकपिटमधलं शेवटचं बोलणं ऐकवतात. अमेरिकेत अपघातांचा तपास करणारी एनटीएसबी ही संस्था कायद्यामुळे ते मूळ रेकॉर्डिंग लोकांसाठी खुलं करूच शकत नाही, फक्त लिखित उतारा देते, त्यामुळे तिकडच्या अपघातांत आपण ऐकतो ते बहुतेकदा नटांनी उतारा वाचून केलेलं असतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे आधीच सांगितलं तर बराच फरक पडतो. अगदी लहानाला सांगून काही उपयोग नाही, त्याला ती किंकाळी खरीच.

मग चांगला व्हिडिओ कसा ओळखायचा? मी सरळ शेवटची पाच मिनिटं आधी बघते. टायटॅनिकवरचा व्हिडिओ १९१२ च्या त्या काळ्या पाण्यातच संपतो, का पुढे हेही सांगतो की जहाजावर साधारण २,२०० माणसं होती आणि लाइफबोटींत जागा होती ११७८ जणांची, म्हणून १९१४ मध्ये समुद्रातल्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला? पहिल्या प्रकारात मुलाच्या हातात नुसती भीती उरते, दुसऱ्यात कारण कळतं आणि नंतर कुणीतरी काहीतरी केलं हेही कळतं.

आणि सगळंच टाळण्याच्याही मी विरोधात आहे. २६ डिसेंबर २००४ ला थायलंडमधल्या फुकेतच्या माय खाओ किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्लिश मुलगी होती, पाण्याला विचित्र फेस येतोय हे बघून ती आईबाबांना सांगत सुटली की त्सुनामी येतेय, किनारा रिकामा केला गेला आणि शंभरेक माणसं वाचली. दोनच आठवडे आधी शाळेत भूगोलाच्या तासाला त्सुनामी शिकवली होती, जुनं फुटेजही दाखवलं होतं.

प्लॅटफॉर्मच्या लेबलवर फार विसंबू नका. यूट्यूबवरचं 'मेड फॉर किड्स' हे मुख्यतः मुलांच्या डेटाच्या प्रायव्हसीच्या नियमांसाठी आहे, व्हिडिओ कुठल्या वयाला झेपेल हे ते सांगत नाही. दुसऱ्या टोकाला १८ वर्षांचं बंधन आणि मधे हजारो व्हिडिओ, ज्यांच्यावर काहीच लिहिलेलं नाही.

एवढं करूनही मूल घाबरलंच तर? छोट्याला 'असं क्वचितच होतं' हे समजावत बसू नका, त्याच्यासाठी क्वचित म्हणजे काय? जवळ घ्या, लक्ष दुसरीकडे वळवा, या वयाला तेच जास्त लागू पडतं असं कँटर यांच्या कामातही दिसलंय. आठ-नऊच्या पुढच्यांना मात्र नीट कारण हवं असतं. टीनएजरला तर आकडे द्या, वाद घालू द्या, आणि ऑटोप्ले तेवढं आधीच बंद करून ठेवा, कारण तुम्ही तपासलेला व्हिडिओ एकच असतो, त्याच्यामागून येणारे दहा नाही.