नोंदणीकृत मूल्यनिर्धारक (जमीन व इमारत)

जमीन, इमारत आणि त्यांवरील हक्क यांचे मूल्य विशिष्ट कायदेशीर कामासाठी ठरवून तसा लेखी अहवाल देण्याचा अधिकार नोंदणीने मिळालेली व्यक्ती वा संस्था. बोलण्यात ‘व्हॅल्युअर’. मराठीत मूल्यांकक, मूल्यांकनकार, मूल्यनिर्धारक असे पर्याय आढळतात. महाराष्ट्र शासनाच्या ‘नगररचना आणि मूल्यनिर्धारण’ विभागाच्या नावामुळे शेवटचा शब्द कागदोपत्री रुळला आहे, म्हणून येथे तोच घेतला आहे. कार्यालयांच्या पाट्यांवर ‘सरकारमान्य व्हॅल्युअर’ असे सर्रास लिहिलेले दिसते. कायद्यातला शब्द मात्र ‘नोंदणीकृत’ असा आहे, आणि हा भेद केवळ शब्दाचा नाही : नोंदणी ठरावीक कायद्याच्या कामापुरतीच असते.

भारतात ही नोंदणी एकाच नावाने दोन निराळ्या कायद्यांखाली होत आली : संपत्ती कर अधिनियम, १९५७ (कलम ३४एबी) आणि कंपनी अधिनियम, २०१३ (कलम २४७). पहिलीचा संबंध करआकारणीशी, तर दुसरीचा कंपनी व नादारी (कर्जे फेडता न येणे) व्यवहारांशी आहे. एकीच्या प्रमाणपत्रावर दुसरीचे काम करता येत नाही. महानगरपालिकेचा करनिर्धारक या दोहोंतही मोडत नाही. तो पालिकेचा नोकर असतो आणि त्याचे अधिकार पालिकेच्या अधिनियमातून येतात.

पूर्वपीठिका : या व्यवसायाचे मूळ दोन ठिकाणी दाखवता येते. पहिले जमीन महसुलाच्या आकारणीत, दुसरे भूसंपादनाच्या दाव्यांत. पहिल्यात पेशवाईतील पाहणी व जमाबंदी, तिच्याही आधी मलिक अंबरची म्हणून सांगितली जाणारी धारापद्धती, आणि नंतर मुंबई इलाख्यातील सर्वेक्षण असा हा क्रम लावला जातो. यांपैकी मलिक अंबरच्या पद्धतीचे तपशील बहुतांशी उत्तरकालीन लेखनावर अवलंबून असल्याने तिला आरंभबिंदू मानणे धाडसाचे ठरेल. इंग्रजी अमलातील प्रयोगाची माहिती अधिक पक्की आहे. रॉबर्ट कीथ प्रिंगल याने १८२८ च्या सुमारास दख्खनमध्ये जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के आकार घेण्याच्या तत्त्वावर सर्वेक्षण केले. निव्वळ उत्पन्न काढायचे तर प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे पीक आणि लागवडीचा खर्च, दोन्ही बिनचूक ठाऊक हवेत. ते ठाऊक नव्हते, आणि पद्धत कोसळली. मग गोल्डस्मिड व विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात निराळी वाट धरली. उत्पन्न मोजण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी जमिनींची एकमेकींशी तुलना केली. डेव्हिडसनसह त्यांनी सिद्ध केलेल्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही रीत इलाखाभर नेली.

ती रीत थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. प्रतबंदी करणारा कारकून शेताचे समान चौकोन पाडी आणि दर चौकोनात खणून मातीची खोली पाही. मातीचा प्रकार आणि खोली यांवरून नऊ प्रतींपैकी एक ठरे. उत्तम मातीची पहिली प्रत १६ आण्यांची, शेवटची २ आण्यांची. चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाणी न मुरणे, वरून पाण्याचा लोट येणे, पाणथळपणा असे दोष त्या चौकोनात खुणांनी मांडत. एका दोषाने जमीन एक प्रत खाली येई, दोन दोषांनी दोन. सगळ्या चौकोनांची सरासरी म्हणजे त्या शेताची आणेवारी. पायाभूत दर्जा धरून त्यातून दोषांची वजावट करण्याचे हे तंत्र आजच्या तुलनात्मक पद्धतीच्या इतके जवळ आहे की काहींना येथेच व्यवसायाची सुरुवात दिसते.

तथापि प्रतबंदी करणारा विक्रीची किंमत ठरवत नव्हता. तो सरकारचा हिस्सा किती, एवढेच ठरवी, आणि त्याच्या आकड्याला उत्तर देणारा दुसरा तज्ज्ञ समोर नसे. ‘राजी विक्रेता आणि राजी ग्राहक यांच्यात ठरेल ती किंमत’ ही कल्पना भूसंपादनाच्या दाव्यांतून आली. १८७० च्या भूसंपादन कायद्यात न्यायाधीशाच्या मदतीला असेसर (भरपाईबाबत मत देणारे सहायक) बसवण्याची तरतूद होती. १८९४ च्या कायद्याने ती काढली आणि बाजारभाव सिद्ध करण्याचे ओझे पक्षकारांच्या साक्षीदारांवर आले. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई शहर सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. रस्ते आणि वस्त्यांसाठी त्याने मोठ्या प्रमाणावर मालमत्ता घेतल्या, आणि भरपाईच्या तक्रारींसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण होते. दोन्ही बाजूंनी तज्ज्ञ उभे राहण्याची प्रथा अशा दाव्यांतून वाढली असावी. १९१४ च्या सुमारास मुंबई सरकारने ‘कन्सल्टिंग सर्व्हेअर’ हे पद निर्माण केले, ए. ई. मिराम्स त्यावर होते, आणि सध्याचा नगररचना व मूल्यनिर्धारण विभाग आपला वारसा तेथूनच सांगतो. व्यवसायाचा उगम म्हणून हा दुसरा प्रवाह अधिक ग्राह्य वाटतो. आकारणीचा वारसा तंत्रापुरता मानावा.

न्यायनिर्णयांतून हे तंत्र पुढेही घडत राहिले. चिमणलाल हरगोविंददास विरुद्ध विशेष भूसंपादन अधिकारी, पुणे (१९८८) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अधिक-उणे बाबींची जंत्री दिली. रस्त्यालगतचा दर्शनी भाग, आकार व लहानमोठेपणा, सखलपणा, विकसित भागाचे सान्निध्य या बाबी तीत येतात. लहान भूखंडांच्या दरावरून मोठ्या जमिनीचे मूल्य काढताना रस्ते व आखणीसाठी साधारण २० ते ५० टक्के वजावट करावी, हेही तेथेच सांगितले आहे. मराठी मुलखातील मूल्यनिर्धारक हा निकाल तोंडपाठ असल्यासारखा उद्धृत करतात.

करकायद्यातील नोंदणी : १९७२ च्या दुरुस्तीने संपत्ती कर अधिनियमात कलम ३४एबी आले आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला ते लागू झाले. त्याआधी १९६८ मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ व्हॅल्युअर्स ही व्यावसायिक संस्था स्थापन झाली होती. स्थावर मालमत्तेसाठी स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुकला किंवा नगररचना यांतील पदवी आणि साधारणपणे दहा वर्षांचा सेवेचा वा व्यवसायाचा अनुभव अपेक्षित असे. परीक्षा नव्हती, अर्ज आयकर खात्याकडे. अहवाल ओ-१ या विहित नमुन्यात द्यावा लागे आणि शुल्क मालमत्तेच्या मूल्याच्या टक्केवारीत बांधलेले होते. मूल्य जितके जास्त तितके मानधन जास्त, ही रचना आज विचित्र वाटते.

संपत्ती कर २०१६-१७ या आकारणी वर्षापासून रद्द झाला. कर गेला तरी त्याने निर्माण केलेला मूल्यनिर्धारक राहिला, कारण १९६१ च्या आयकर अधिनियमातील भांडवली नफ्याच्या हिशेबाला त्याची गरज होती. वडिलोपार्जित वाडा किंवा जुना फ्लॅट विकणाऱ्या सामान्य माणसाची या व्यवसायाशी पहिली गाठ बहुधा येथेच पडते. २००१ पूर्वी मिळालेल्या मालमत्तेसाठी १ एप्रिल २००१ चे वाजवी बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येते (२०१७ च्या वित्त अधिनियमापूर्वी ही तारीख १ एप्रिल १९८१ होती). २०२० च्या दुरुस्तीने जमीन व इमारतीबाबत हे मूल्य त्या तारखेच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येणार नाही अशी मर्यादा घातली. त्यामुळे तेथे मूल्यनिर्धारकाचे निम्मे काम २००१ चे रेडी रेकनर (मुद्रांक शुल्कासाठीचे सरकारी दरतक्ते) शोधून योग्य विभाग लावण्याचे होऊन बसले आहे.

कंपनी कायद्याखालील नोंदणी : कंपनी (नोंदणीकृत मूल्यनिर्धारक व मूल्यनिर्धारण) नियम १८ ऑक्टोबर २०१७ रोजी लागू झाले आणि भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ (आयबीबीआय) हे नोंदणी प्राधिकरण ठरले. मालमत्तेचे तीन वर्ग केले : जमीन व इमारत, संयंत्र व यंत्रसामग्री, रोखे वा वित्तीय मालमत्ता. नोंदणी वर्गानुसार होते. कारखान्याची शेड मोजणाऱ्याला आतील यंत्रे मोजता येतीलच असे नाही.

जमीन व इमारत या वर्गासाठी वर सांगितलेल्या तीन विद्याशाखांपैकी एकीची पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव, किंवा पदव्युत्तर पदवी आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो. उमेदवाराने प्रथम मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारक संघटनेचा सभासद व्हायचे आणि तिचा ५० तासांचा अभ्यासक्रम पुरा करायचा. त्यानंतर संगणकावरची वस्तुनिष्ठ परीक्षा. ती दोन तासांची, १०० गुणांची. उत्तीर्ण होण्यास ६० टक्के, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या चौथाई वजावट. या परीक्षा ३१ मार्च २०१८ पासून सुरू झाल्या. अभियंत्याला गणित जड जात नाही. अर्थशास्त्र, मालमत्ता हस्तांतरण, भूसंपादन, भाडे नियंत्रण यांचे कायदे आणि व्यवसायनीती हे भाग त्याला नवे असतात. उत्तीर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत संघटनेच्या शिफारशीने प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. व्यक्तीसाठी अर्जशुल्क ५,००० रुपये, भागीदारी संस्था व कंपनीसाठी १०,०००. अर्जदार भारताचा रहिवासी, सज्ञान आणि ‘योग्य व लायक’ असावा. नादार किंवा विशिष्ट शिक्षा झालेली व्यक्ती अपात्र. जुन्या व्यावसायिकांना संक्रमणासाठी दिलेली मुदत वाढत वाढत ३१ जानेवारी २०१९ पर्यंत गेली. वीस-पंचवीस वर्षे अहवाल लिहिणाऱ्यांनाही परीक्षेला बसावे लागले, यावरून तेव्हा बरीच कुरबुर झाली.

नोंदणीनंतरची बंधने कडक आहेत. ज्या मालमत्तेत नेमणुकीपूर्वीच्या तीन वर्षांत हितसंबंध होता, किंवा मूल्यनिर्धारणानंतरच्या तीन वर्षांत निर्माण होईल, ती हाती घेता येत नाही. कामाच्या नोंदी किमान तीन वर्षे जपाव्या लागतात. फसवणुकीच्या हेतूने उल्लंघन केल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि एक ते पाच लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

नादारी प्रक्रियेत दोन नोंदणीकृत मूल्यनिर्धारक स्वतंत्रपणे वाजवी मूल्य आणि परिसमापन मूल्य (कंपनी गुंडाळून मालमत्ता विकल्यास येईल ते) काढतात. दोघांत मोठी तफावत पडली तर तिसरा नेमता येतो. बँकांच्या तारणासाठी मात्र बँकेच्या पॅनेलवरील नाव लागते. रिझर्व्ह बँकेच्या २००७ च्या सूचनांनुसार ५० कोटी रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या मालमत्तेस किमान दोन स्वतंत्र अहवाल आवश्यक ठरले. म्हणजे नोंदणी झाली तरी पॅनेलची दारे वेगळी ठोठवावी लागतात.

कार्यपद्धती : कर्जासाठीच्या फ्लॅटची पाहणी अर्ध्या तासात आटोपते, पण तीत काय पाहिले यावर अहवालाचा कस ठरतो. सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा गोषवारा), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, अलीकडची करपावती ही कागदपत्रे हाती घेऊन मूल्यनिर्धारक आधी चतुःसीमा जुळवतो. मग लेसर मीटरने खोल्या आतून मोजतो. गॅलरी हॉलमध्ये घेतलेली असते, कोरड्या बाल्कनीचे स्वयंपाकघर झालेले असते, आणि मोजलेले चटईक्षेत्र नकाशापेक्षा जास्त भरते. अहवालात धरायचे ते मंजूर क्षेत्र. मालक ‘सुपर बिल्टअप’चा (जिना, लिफ्ट अशा सामाईक जागांचा वाटा धरून) आकडा सांगत राहतो, त्याची नोंद घ्यायची, हिशेब त्यावर करायचा नाही.

इमारतीचा घसारा सहसा सरळ रेषेने काढतात. आरसीसी इमारतीचे एकूण आयुष्य ६० वर्षे आणि अवशिष्ट मूल्य १० टक्के मानले, तर उरलेले ९० टक्के ६० वर्षांत विभागून वर्षाला १.५ टक्के येतात. इमारत ३० वर्षांची असेल तर घसारा ४५ टक्के. तशीच नवी बांधण्याचा खर्च चौरस फुटाला २,५०० रुपये धरल्यास उरते १,३७५ रुपये. जमिनीचे मूल्य यात निराळे मिळवायचे. फ्लॅटचा बाजारभाव असा तुकड्यांनी ठरत नाही, म्हणून तेथे शेजारच्या व्यवहारांशी तुलनाच मुख्य.

मुंबईतील पागडीच्या जागा हा वेगळाच प्रांत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५६ ने पागडीची देवघेव कायदेशीर केली, त्यामुळे एकाच खोलीत मालकाचे आणि भाडेकरूचे अशी दोन मूल्ये नांदतात. मालकाचे गोठलेल्या भाड्याचे भांडवलीकरण करून, म्हणजे वार्षिक भाड्यावरून एकरकमी मूल्य काढून, निघते. भाडेकरूचे पुनर्विकासात त्याला काय मिळेल यावर झुकते. परीक्षेच्या पुस्तकांत या विषयाला दोन ओळी असतात.

रेडी रेकनर, म्हणजे वार्षिक मूल्यदर तक्ते, आणि बाजारमूल्य यांची गल्लत नेहमीची आहे. १९९५ च्या नियमांखालील हे तक्ते मुद्रांक शुल्कापुरते असतात. एका विभागातील एकाच वापराच्या सगळ्या इमारतींना ते एकच मूळ दर लावतात. बृहन्मुंबई महानगरपालिकेने २०१० पासून भाड्यावर आधारित करयोग्य मूल्याऐवजी भांडवली मूल्यावर मालमत्ता कर आकारताना याच तक्त्यांचा आधार घेतला. पालिकेच्या या भांडवली मूल्य नियमांतील २०, २१ व २२ क्रमांकाचे नियम मुंबई उच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय कायम केला.

सुधारणांचे प्रस्ताव : एम. एस. साहू यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०२० मध्ये मूल्यनिर्धारकांसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा आणि राष्ट्रीय संस्थेची शिफारस केली. उद्देश दोन नोंदण्यांची ही विभागणी मोडून एकच व्यवसाय घडवण्याचा होता. ब्रिटनमधील १८६८ च्या सनदी सर्वेक्षक संस्थेचे सदस्यत्व भारतातील काही मूल्यनिर्धारक घेतात. परदेशी गुंतवणूकदारांच्या कामात त्याला वजन आहे, मात्र त्याने कलम २४७ ची नोंदणी मिळत नाही. पदव्युत्तर शिक्षणात गुजरातमधील वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठाचा स्थावर मालमत्ता मूल्यनिर्धारणाचा अभ्यासक्रम जुना व मान्यता पावलेला आहे.

गोव्यात नियम तेच, कागद निराळे. नमुना १ व १४ (तिथला सातबारासारखा उतारा) सोबत पोर्तुगीज काळातील ‘मात्रिझ’ (कराची नोंदवही) आणि ‘देस्क्रिसांव’च्या (जमिनीच्या वर्णनाच्या) नोंदी पाहाव्या लागतात. त्यांतील जमिनीची ओळख शेजाऱ्यांच्या नावांवर असते, आणि ते शेजारी बहुधा तीन पिढ्यांपूर्वीचे.