ओली पाती आणि ओली जमीन: पावसाच्या दिवसांत लॉन कापणाऱ्याचं काम कसं जोखायचं

लॉन कापायला माणूस लावलाय, पावसाची झड लागलीय, आणि कापणीनंतर हिरवळीवर गवताचे ओले गोळे पडलेत. तक्रार ठरलेली: "ओल्यात कापलं, लॉनची वाट लावली." दुसऱ्या कुणाकडे तोच माणूस त्या दिवशी फिरकला नाही, तर तिथली तक्रारही ठरलेली: "चार थेंब पडले की याची दांडी." दोन्ही तक्रारींत गवताच्या पात्यांवरचं पाणी आणि मुळांभोवतीच्या मातीतलं पाणी यांची सरमिसळ झालेली असते. पात्यांवरचं पाणी ऊन आणि वारा असला की काही तासांत उडून जातं. मातीतलं दिवसेंदिवस हलत नाही. पात्यांच्या ओलीने बिघडलेलं दाताळ्याने निस्तरता येतं, ओल्या मातीवर झालेलं नुकसान पुढच्या मोसमातही दिसत राहतं. आणि लोक भांडतात ते नेमके दाताळ्याने निस्तरण्याजोग्या गोष्टीवर. हे ऐकून ऐकून कान किटले, म्हणून हा खुलासा.

पात्यांची ओल सगळ्यांनाच माहीत असते, तेव्हा ती थोडक्यात उरकू. आडवं ब्लेड गरगर फिरवणारं नेहमीचं यंत्र निम्मं काम हवेवर करतं. ब्लेडची मागची कड वर वळवलेली असते. ती हवा वर खेचते, त्या ओढीने लवलेली पाती उभी राहतात, कापली जातात, आणि तुकडे त्याच झोतात बाहेर फेकले जातात. ओली पाती जड असतात, पुरती उभी राहत नाहीत. तुकडे एकमेकांना चिकटतात, यंत्राच्या झाकणाला आतून थापले जातात, हवेची वाट अरुंद होते आणि साठलेला लगदा मधूनमधून थपकन खाली पडतो. गोळे म्हणतात ते हेच. कापणारा कितीही चांगला असला तरी ओल्यात थोडे गोळे पडणारच.

ते पडले म्हणून काम वाईट ठरत नाही. ते तसेच टाकून माणूस निघून गेला, तर काम वाईट. तुकड्यांत चार पंचमांशाच्या आसपास पाणीच असतं. पसरून दिले तर ते लवकर कुजतात आणि त्यातलं नत्र हिरवळीलाच परत मिळतं. त्यांच्यामुळे खाली जाड थर साचतो, हा जुना गैरसमज आहे. तो थर मुख्यतः चिवट खोडांचा आणि मुळांचा असतो. मात्र गोळा दोन-तीन दिवस एकाच जागी राहिला तर त्याखालचं गवत उजेडावाचून पिवळं पडतं. म्हणून गोळ्यांवर दाताळं फिरवलं का, पायवाटेवर उडालेला निसरडा चोथा झाडला का, एवढंच बघायचं. ओला चोथा ब्लोअरने हलत नाही, त्याला झाडूच लागतो. ब्लोअर फिरवून "झालं साफ" म्हणणाऱ्यांची मला चीड आहे.

ओलं पातं कापणं मुळातच चूक असतं, तर गोल्फच्या मैदानावरची ग्रीन, म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ, भल्या सकाळी दवात कापलीच गेली नसती. तिथली यंत्रं कात्रीसारखी चालतात. दंडगोलावरची पाती खालच्या स्थिर पट्टीवर गवत दाबून छाटतात. १८३० साली एडविन बडिंगने काढलेलं पहिलं गवत कापायचं यंत्र याच तत्त्वावर होतं. दव झटकलं गेल्याने तिथे उलट काही रोगांचा जोर कमी होतो. तेव्हा सकाळच्या दवात काम सुरू केलेलं पाहून लगेच फोन करायची गरज नाही.

आता जमिनीकडे येऊ. खरी गोम इथे आहे.

माती म्हणजे नुसते कण नव्हेत. कणांमधल्या पोकळ्या तितक्याच महत्त्वाच्या, कारण मोठ्या पोकळ्यांत हवा असते आणि मुळं त्या हवेवर जगतात. माती ओली झाली की पाणी कणांमध्ये वंगणासारखं काम करतं. वरून वजन आलं की कण एकमेकांवरून सरकून जवळ येतात आणि आधी बुजतात त्या मोठ्या पोकळ्याच. उरलेल्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात. पाण्यातून ऑक्सिजन पसरतो तो हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट सावकाश. म्हणजे मुळं गुदमरतात, खोल जायचं सोडून वरच्या थरात पसरतात. पुढच्या पावसात पाणी त्याच पट्ट्यात तुंबतं, जमीन आणखी मऊ होते, पुढच्या फेरीला चाक आणखी रुततं. आणि उन्हाचे दिवस आले की त्याच पट्ट्यांतलं गवत सगळ्यात आधी करपतं. तेव्हा घरमालक खतवाल्याकडे जातो, कीटकनाशक मारतो, पाणी वाढवतो. ओल्या जमिनीवरून गेलेलं चाक कुणालाच आठवत नाही.

यात यंत्राच्या वजनाचा फरक प्रचंड. हाताने ढकलायचं यंत्र साधारण २५ ते ४० किलोचं. बसून चालवायचं, व्यावसायिक जातीचं यंत्र कित्येकदा ४०० किलोंच्याही वर जातं, शिवाय वर माणूस. त्यातही जागच्या जागी गर्रकन वळणारी यंत्रं ओल्यात जास्त घातक. वळताना एक चाक थांबतं आणि मऊ जमिनीवर तिथली हिरवळ मुळांसकट सोलून निघते. लॉनच्या टोकाला, जिथे यंत्र परत फिरतं, तिथे अर्धचंद्रासारखे उघड्या मातीचे डाग दिसले तर दुसरं कारण शोधत बसू नका. चिकण मातीत हे सगळं जास्त, रेताड जमिनीत कमी. रेताड जमीन पाणी लवकर सोडते.

आता बहुतेकांची फसगत होते तो दिवस. रात्रभर पाऊस झाला, सकाळी थांबला, दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. पाती कोरडी खडखडीत. माणूस मोठं यंत्र घेऊन येतो, एकही गोळा पडत नाही, पट्टे सुरेख उमटतात, घरमालक खूश. पण वरची पाती वाळली तरी खालची माती अजून ओलीच असते. साचलेलं पाणी ओसरलेलं, पण वाफसा आलेला नाही, म्हणजे माती वजन सोसण्याइतकी सुकलेली नाही. पाण्याने ठासून भरलेल्या जमिनीत निदान चाक रुततं, चाकोरी दिसते, माणूस थांबतो. या दिवशी वर काहीच दिसत नाही आणि आतल्या आत जमीन दबत राहते. याच्या उलट, आठवडाभर कोरडं गेल्यावर दुपारी एक सर आली आणि तासाभराने माणसाने हलक्या यंत्राने कापायला घेतलं, तर गोळे पडतील, कापणी जरा ओबडधोबड दिसेल, आणि जमिनीचं काहीही बिघडणार नाही. शिव्या मात्र त्यालाच बसतात.

म्हणून कापणी करावी की नाही हे गवत चाचपून ठरवू नका, टाच रोवून बघा. लॉनच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात उभं राहून अंगाचं वजन एका टाचेवर टाका. पाणी वर आलं किंवा टाचेचा खळगा तसाच राहिला, तर बसायचं यंत्र त्या दिवशी आत येता कामा नये. शेतीची सवय असलेली माणसं मूठभर माती दाबून बघतात. गोळा झाला आणि अंगठ्याने दाबल्यावर फुटला तर वाफसा आहे, फुटायच्या ऐवजी चेपला गेला तर नाही. दोन्हींपैकी कुठलीही परीक्षा चालेल. कामावर आलेला माणूस यंत्र उतरवण्याआधी यातलं काही करतो का, त्यावरून मी त्याची निम्मी किंमत ठरवतो.

नुकसान आधीच झालंय का ते बघायला लांब स्क्रूड्रायव्हर घ्या. चाक नेहमी जातं त्या पट्ट्यात तो रोवा, मग हातभर बाजूला, जिथे चाक जात नाही तिथे. दोन्ही जागी माती सारखीच ओली हवी, नाहीतर तुलना फुकट. पट्ट्यात तो ठळकपणे जड गेला तर जमीन दबली आहे. चांगला कापणारा दर खेपेला दिशा बदलतो, म्हणून त्याच्याकडून असा पक्का पट्टा सहसा तयारच होत नाही. दर आठवड्याला तेच सुंदर पट्टे, त्याच जागी, हे लोकांना कौतुकाचं वाटतं. मला ते आळसाचं लक्षण वाटतं.

हाच फरक ओळखला की सबबीही पकडता येतात. "पाऊस होता म्हणून आलो नाही" हे वाक्य चिकण मातीच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या लॉनसाठी रास्त, कौतुकाचंसुद्धा. उताराच्या लॉनसाठीही रास्त. ओल्या उतारावर बसायचं यंत्र घसरतं, उलटतं, आणि तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो. पण रेताड, सपाट जमीन, पाऊस थांबून दिवस उलटलेला, टाच टाकली तर खळगा उमटत नाही, आणि तरी पाऊस हेच कारण, तर ती शुद्ध टाळाटाळ.

कापणी झाल्या झाल्या लॉनकडे बघून मत देऊ नका. ओलं गवत लवलेलं असतं, त्यातली काही पाती ब्लेडखालून निसटतात आणि वाळल्यावर डोकं वर काढतात. एक-दोन दिवसांनी, गवत कोरडं असताना बघा. आणि दोषाची मांडणी बघा. पावसाने आलेला दोष विस्कळीत असतो. सावलीत, खोलगट जागी, दाट वाढीत जास्त, उघड्यावर कमी. यंत्राचा किंवा माणसाचा दोष शिस्तीत येतो. यंत्राच्या रुंदीइतक्या अंतरावर न कापलेल्या गवताच्या बारीक रेघा दिसल्या, तर दोन फेऱ्या एकमेकींवर पुरेशा चढवल्या नव्हत्या. प्रत्येक पट्टा एका बाजूला उतरता दिसला, तर यंत्र समतल नव्हतं. याला पाऊस जबाबदार नाही.

बोथट ब्लेडचं पापही पावसाच्या माथी मारलं जातं, तेव्हा एक पातं खुडून शेंडा बघा. धारदार ब्लेडने तो सरळ छाटलेला असतो. बोथट ब्लेड शेंडा फाडतं. चिंध्या लोंबतात, एक-दोन दिवसांत त्या पांढुरक्या आणि मग तपकिरी होतात, आणि लांबून अख्खी हिरवळ धुरकट दिसते. हे सगळ्या लॉनभर सारखं असेल तर ब्लेडला धार नाही, मग आभाळ कसंही असो.

उंचीबद्दल मात्र चूक बहुतेकदा गिऱ्हाइकाचीच. पावसाने दोन खेपा चुकल्या, गवत वाढलं, की फर्माईश येते: "आता चांगलं बारीक करून टाका." एका खेपेला उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये, हा नियम पावसाने रद्द होत नाही. ६ सेंटिमीटरवर ठेवायचं गवत १२ वर गेलं असेल तर आज ८, आणि चार-पाच दिवसांनी ६. एकदम खाली आणलं तर खालचे फिकट देठ उघडे पडतात आणि लॉन रातोरात वाळल्यासारखं दिसतं. यंत्र एक खाच वर ठेवून "पुढच्या खेपेला उरलेलं" म्हणणारा माणूस दोनदा पैसे उकळत नसतो. तो अशा वेळी भांडणारं गिऱ्हाईक सोडून देईल आणि तुमच्या वाट्याला कुणीतरी हो म्हणणारा येईल.

काम ठरवताना दिवस पक्का बांधून घेऊ नका. "दर मंगळवारी, काहीही झालं तरी" अशी बोली म्हणजे ओल्या जमिनीवर यंत्र घालायचं आमंत्रण. दिवसाऐवजी अवधी ठरवा. पावसामुळे खेप पुढे ढकलली तर किती दिवसांच्या आत यायचं, आलेली खेप अर्धवट सोडावी लागली तर पैशांचं काय, सखल कोपरा वगळायची मुभा त्याला आहे का, आणि ओल्या आठवड्यात मोठ्या यंत्राऐवजी हाताचं आणेल का. शेवटच्या प्रश्नाला तो "एकच यंत्र आहे" म्हणाला तर पावसाच्या दिवसांपुरता दुसरा माणूस बघा. आणि यंत्र गाडीतून उतरतं तेव्हा झाकणाखाली वाकून बघायला लाजू नका. तिथे आधीच्या लॉनचा ओला लगदा थापलेला असेल, तर त्यातून तणाचं बी आणि बुरशी तुमच्याकडे येऊ शकते. आधी ते खरवडून धुवायला सांगा, मगच फाटक उघडा.